आधी साडी टांगा, मग वॉलपेपर आणा

पत्र

नमस्कार ताई,

मी 61 वर्षांची, बँकेतून निवृत्त झालेली. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, इमारत 1994 ची. लग्न झाल्यापासून घराच्या भिंती पांढऱ्या नाहीतर बदामी, कारण यजमानांना तेच आवडतं. आता मला लव्हेंडर रंगाचा वॉलपेपर लावायचा आहे. हॉलमध्ये, आमच्या खोलीत आणि सासूबाईंच्या खोलीतही. पहिल्या पगारातून मी अशाच फिकट जांभळ्या रंगाची सुती साडी घेतली होती, ती अजून कपाटात आहे. तो रंग मनातून जात नाही.

यजमान रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. ते म्हणतात, "घराचं ब्युटीपार्लर करायचंय का?" सासूबाई 84 वर्षांच्या आहेत. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. नमुना बघून त्या म्हणाल्या, "हा तर राखाडी. सुतकी दिसतो." मुलगा बंगळूरहून रोज फोटो पाठवतोय. दुकानदार म्हणतो, गणपतीच्या आधी सगळं करून देतो, एका भिंतीला दोन रोल पुरतात. त्याने दाखवलेला नमुना सुंदर आहे, त्यावर बारीक चंदेरी चमकी आहे.

आमच्या खोलीची खिडकी पश्चिमेला. पलंगाचं डोकं दक्षिणेच्या भिंतीला, तिच्या पलीकडे सासूबाईंची खोली. ती भिंत 11 फूट रुंद, 9 फूट उंच आहे. समोर उत्तरेला बाथरूम, पूर्वेला कपाटं आणि दार. खिडकीखाली दर पावसाळ्यात थोडे पोपडे येतात, दिवाळीला रंगारी हात मारून जातो. या वयात हे खूळ बरं आहे का?

उत्तर

नमस्कार ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर सगळ्यात लहान आहे. खूळबिळ काही नाही. नोकरीभर लोकांच्या पैशांचा हिशेब ठेवलात, आता एक भिंत मनासारखी हवी म्हणताय. फक्त मी म्हणतेय ती खरोखर एकच भिंत. तीन खोल्या नकोत, आणि गणपतीच्या आधी तर मुळीच नको. का, ते सांगते.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. ते म्हणजे पोपड्यांचं. रंगारी दर दिवाळीला हात मारून जातो आणि पुढच्या श्रावणात पोपडे पुन्हा हजर, याचा अर्थ दुखणं रंगात नाही, भिंतीत आहे. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो. तुमची खिडकीची भिंत पश्चिमेची, बाहेरची, तीस वर्षांची. चौकटीच्या कडेला नाहीतर गिलाव्याला बारीक तडा असणार, तिथून पाणी आत झिरपतं. जाताना ते भिंतीतले क्षार पृष्ठभागावर सोडून जातं आणि लोणा लागतो. डिस्टेंपर अशा भिंतीवर पोपडे होऊन गळून पडतो, निदान तक्रार दिसते तरी. वॉलपेपर गळत नाही. तो सगळं पोटात ठेवतो आणि मागे बुरशी धरतो. कळतं तेव्हा कपाटातल्या कपड्यांनाही वास लागलेला असतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, ठेच लागून सांगतेय. घरं सजवण्याच्या कामात पंचवीस वर्षं गेली, पण स्वतःच्या पुण्याच्या घरी मी मे महिन्यात हौसेने बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर जाड व्हिनाइलचा, म्हणजे प्लॅस्टिकचा थर असलेला वॉलपेपर लावून घेतला. कोरडीठाक दिसत होती भिंत. ऑगस्टमध्ये जमिनीपासून हातभर उंचीवर फुगे आले. एक पट्टा उचलून बघितला तर मागे काळे ठिपके, जणू कुणी तीळ पेरलेत. कारागिराचा दोष नव्हता, त्याने मला विचारलं होतं, "मॅडम, मागे बाथरूम आहे ना?" मीच म्हटलं होतं, काही होत नाही.

म्हणून पावसाळा वॉलपेपर लावायला वाईट असला, तरी भिंत तपासायला त्याच्यासारखा दुसरा मोसम नाही. स्वयंपाकघरातल्या फॉइलचे फूटभर लांबीरुंदीचे तीन चौकोन कापा. एक खिडकीखाली, एक बाथरूमच्या भिंतीवर, एक पलंगामागे लावा. चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा, हवा आत जाता कामा नये. दोन दिवसांनी काढून बघा. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला दमटपणा किंवा थेंब असतील, तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असतील, तर ते हवेतलं आहे. त्याला पंखा आणि उघडी खिडकी पुरते. मग बोटाच्या पेराने भिंत ठोकत जा. जिथे बद्द, पोकळ आवाज येईल, तिथे गिलावा विटेपासून सुटलाय. त्यावर कितीही महाग कागद लावा, तो गिलाव्यासकट खाली येईल.

माझा अंदाज असा, की पलंगामागची भिंत कोरडी निघेल. तिच्या दोन्ही बाजूंना खोल्या आहेत, पाऊस तिला कुठून भेटणार? पूर्वेची भिंतही बहुधा कोरडी असेल, पण तिच्यावर दुपारनंतर पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन येणार, आणि जांभळ्या छटा उन्हात लवकर उडतात. शिवाय तिथे कपाटं आहेतच. म्हणजे उरली ती दक्षिणेची. डोकं दक्षिणेला असल्यामुळे सासूबाईंची त्या बाबतीत तरी हरकत नसेल.

पश्चिमेच्या भिंतीचं काम बाहेरून करावं लागेल. सोसायटीकडे अर्ज द्या, तडा बाहेरून भरून घ्या, वॉटरप्रूफिंग करून घ्या. आतून कितीही पुट्टी फासली तरी पाण्याला त्याचं काही वाटत नाही. दिवाळीनंतर भिंतीला महिना-दीड महिना सुकू द्या. डिसेंबरात वॉलपेपर लावा. दुकानदाराला गणपतीची घाई आहे ती त्याच्या धंद्याची. तुम्हाला ती असण्याचं कारण नाही.

आता कागद. व्हिनाइल पुसायला सोपा असतो पण श्वास घेत नाही. आपल्या किनारपट्टीच्या हवेत झोपण्याच्या खोलीसाठी मी नॉनवूव्हन सुचवते. न विणलेल्या तंतूंचा, हाताला जरा कापडासारखा लागणारा कागद असतो तो. त्याच्यातून थोडी वाफ आरपार जाते. लावताना खळ कागदाला न लावता भिंतीला लावायची आणि वरून कोरडा पट्टा बसवायचा, त्यामुळे कागद भिजून ताणला जात नाही. आणि उद्या नकोसा झाला, तर बहुतेक वेळा अख्खा पट्टा कोरडाच सोलून निघतो. हे शेवटचं यजमानांना आवर्जून सांगा.

खळीवरून आठवलं. माझे आजोबा पुस्तकबांधणी करायचे. गव्हाच्या पिठाची खळ शिजवताना ते चिमूटभर मोरचूद टाकत, म्हणजे कसर आणि झुरळं फिरकत नाहीत. मोरचूद विषारी, घरात तो उद्योग करायचा नाही, पण मुद्दा आजही तोच आहे. पिठाची घरगुती खळ म्हणजे कसरीला पंगत. काही कारागीर पैसे वाचवायला तीच आणतात. कारागिराला आधीच सांगा, की वॉलपेपरच्या खळीची तयार पावडर हवी आणि पुडा तुमच्यासमोर फोडायचा.

रंगाकडे येते. मला ठाऊक आहे, तुम्ही याचीच वाट बघत होतात.

आपल्याकडे गुलबक्षी आहे, अंजिरी, वांगी, कोकमी आहे, पण या रंगाला आपलं नाव नाही. मला तरी लव्हेंडर आधी पावडरच्या डब्यातून वास म्हणून भेटला, रंग म्हणून नंतर. त्यामुळे दुकानात 'लव्हेंडर' म्हटलं, की तीन वेगळ्या गोष्टी समोर येतात. एक निळसर झाक असलेला, एक गुलाबीसर आणि एक राखाडी झाक असलेला. तीन एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय फरक कळत नाही. निळसर दुपारी प्रसन्न वाटतो, पण पांढऱ्याफटक ट्यूबलाइटखाली दवाखान्यासारखा गार होतो. गुलाबीसर छटेवर चमकी आली, की यजमान म्हणतात ते खरं ठरतं. रागावू नका, पण दुकानदाराने दाखवलेल्या नमुन्याबद्दल मी त्यांच्या बाजूने आहे. चमकी दुकानाच्या दिव्यांखाली छान दिसते. घरी पश्चिमेचं तिरकं ऊन तिच्यावर पडलं, की भिंतीचा प्रत्येक उंचवटा डोळ्यांत खुपतो.

राखाडी झाक असलेला, चमक नसलेला, नक्षी असलीच तर त्याच रंगात बारीक, असा घ्या. हातातल्या तुकड्यावर तो जरा मरगळलेला वाटेल. वाटू द्या. तोच रंग शंभर चौरस फुटांवर पसरला, की कितीतरी गडद आणि बोलका होतो. तळहाताएवढ्या नमुन्यावर मन बसलं, की आणायचा त्याहून एक छटा फिका, हा माझा हिशेब आजवर चुकलेला नाही.

मुलाच्या फोटोंवर विसंबू नका. फोनचा पडदा स्वतःच्या उजेडाने चमकतो, भिंत तुमच्या खोलीच्या उजेडाने दिसते. आणि खरा नमुना तुमच्या घरात आहेच. ती साडी काढा!

साधारण साडेपाच मीटरची साडी लांबीत दुमडली, की पावणेतीन मीटर होते, म्हणजे तुमच्या भिंतीची उंची, नऊ फूट. रुंदी पावणेचार फुटांच्या आसपास. दुमडल्यामुळे दुहेरी कापड होतं, मागची बदामी भिंत आरपार दिसत नाही. सुती आहे म्हणजे रेशमासारखी चमकणार नाही, कागदाच्या जवळ जाईल. पलंगामागे वरच्या कडेला दोन खिळ्यांना दोरी बांधून टांगा आणि आठ दिवस तशीच राहू द्या. कुठलाही दुकानदार तुम्हाला एवढा मोठा नमुना देणार नाही.

आठ दिवसांत सकाळी उठल्या उठल्या बघा, दुपारी तीनला बघा, आणि मुख्य म्हणजे सूर्य मावळताना बघा. पश्चिमेच्या खोलीत त्या वेळचा उजेड केशरी असतो, आणि केशरी-पिवळ्या उजेडात जांभळ्यातलं निळेपण बुडतं. अर्धा तास साडी मातकट दिसेल. त्या अर्ध्या तासाशी तुमचं जमतं का, ते बघायचं. जमत नसेल तर रंग बदला, सूर्य बदलता येत नाही.

दिवा मात्र बदलता येतो. बल्बच्या खोक्यावर के अक्षरासमोर एक आकडा असतो. 2700 किंवा 3000 असेल तर उजेड पिवळा, लव्हेंडर त्यात राखेसारखा दिसतो. 6500 म्हणजे नेहमीच्या ट्यूबचा निळसर पांढरा, त्यात हाच रंग थंड पडतो. 4000 चा बल्ब आणा. मी सजवलेल्या कितीतरी घरांमध्ये वॉलपेपर न बदलता नुसता दिवा बदलून भांडण मिटलंय.

पलंग आणि कपाट सागवानी असेल तर तुमचं नशीब चांगलं. सागाच्या पिवळसर तपकिरीशेजारी जांभळी छटा उजळून येते. गडद चॉकलेटी सनमायका असेल तर खोली अंधारी वाटेल, तिथे चादर आणि पडदे पांढरे ठेवा. उरलेल्या तीन भिंतींना मोतिया रंग द्या, म्हणजे यजमानांचाही मान राहतो. हिरव्या रंगाची जोड हवी असेल तर उन्हाळ्यात फुललेला ताम्हण आठवा. राज्यफूल आपलं. पाकळ्या चुरगळलेल्या क्रेपसारख्या, उमलताना गडद आणि जुन्या होतील तशा फिकट, आणि भोवती भरगच्च हिरवी पानं. झाडाला कुणी ब्युटीपार्लर म्हणत नाही.

यजमानांचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. त्यांना विचारा, 1856 साली ईस्टरच्या सुट्टीत विल्यम पर्किन काय करत होता? प्राध्यापक असल्यामुळे त्यांना उत्तर पाठ असणार आणि ते दहा मिनिटं बोलतील. अठरा वर्षांचा पोरगा लंडनमधल्या घरच्या प्रयोगशाळेत हिवतापासाठी क्विनीन बनवायला गेला, कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या अ‍ॅनिलिनपासून. क्विनीन काही झालं नाही, तळाशी काळा गाळ उरला. तो अल्कोहोलने धुताना जांभळा रंग सुटला. मॉव्ह. त्याआधी चांगला, टिकाऊ जांभळा म्हणजे श्रीमंतांचं काम. दोन वर्षांत, 1858 च्या जानेवारीत, व्हिक्टोरिया राणी स्वतःच्या थोरल्या मुलीच्या लग्नात मॉव्ह रंगाचा पोशाख घालून उभी होती. मग म्हणा, "आयुष्यभर वर्गात जे शिकवलंत, त्याची एक छटा पलंगामागे लावायचीय." ज्या माणसाने आयुष्यभर रंग परीक्षानळीत बघितले, त्याला भिंतीवरच्या रंगाची धास्ती का वाटावी, हे मला कोडं आहे.

एवढं करूनही ते नाहीच म्हणाले तर? खोली दोघांची आहे, हे मी नाकारणार नाही. पण इतकी वर्षं बदामी भिंत त्यांच्या आवडीची होती आणि तुम्ही तिच्याकडे बघून झोपलात. आता पलंगामागची भिंत म्हणजे झोपल्यावर न दिसणारी भिंत. त्यांना ती दिसणार खोलीत शिरताना, तुम्हालाही तेव्हाच. यापेक्षा स्वस्त तडजोड कुठल्याच संसारात मिळत नाही.

सासूबाईंचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. तुम्हाला वाटत असेल त्या मोडता घालताहेत. त्या खरं तेच सांगत असण्याची दाट शक्यता आहे. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि मोतीबिंदूत तर आणखी. पिवळ्या काचेतून बघावं तसं होतं, निळा-जांभळा उजेड आत फार कमी पोचतो. लव्हेंडरमधला जांभळा वजा केला, की उरतो राखाडी. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात कृत्रिम भिंग आहे, त्यातून हा उजेड पुन्हा आत येतो. तर दिवसाउजेडी खिडकीपाशी बसवून साडीचा पदर त्यांच्यासमोर धरा. आधी एक डोळा झाकायला सांगा, मग दुसरा. बऱ्याच जणांना दोन डोळ्यांनी दोन रंग दिसतात आणि ते लहान मुलासारखे पुन्हा पुन्हा झाकून बघत बसतात. दिसण्याबद्दल दुसरी काही तक्रार असेल तर अर्थातच डॉक्टरांना दाखवा.

पण त्यांच्या खोलीत लव्हेंडर लावू नका. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत त्यांना निदान अर्धी भिंत तरी सुतकीच दिसणार. आणि त्यांच्या खोलीचा रंग त्यांनी ठरवायचा. चौऱ्याऐंशीव्या वर्षी घरात किती गोष्टी आपल्याला विचारून होतात? भिंतीचं काम निघालंच तर एवढं बघा, की स्विचबोर्ड आणि दाराची चौकट भिंतीपेक्षा वेगळ्या, ठळक रंगात असेल, आणि भिंत साधी, नक्षी नसलेली असेल. रात्री उठल्यावर हाताला बटण सापडणं, हे नक्षीपेक्षा मोठं काम आहे.

आणि हॉल? हॉलचं नाव काढू नका. गणपतीचं मखर कुठे बांधता? दुहेरी चिकटपट्टीने लावलेली कागदी फुलं अनंत चतुर्दशीनंतर काढली, की वॉलपेपरचा वरचा पापुद्रा त्यांच्याबरोबर येतो. देव्हारा हॉलमध्ये असेल तर समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर फिक्या रंगावर दोन वर्षांत ढग उमटवतो. सोफ्यावर टेकणाऱ्या डोक्यांचं तेल वेगळंच. ते डाग तर पलंगामागेही पडतात, म्हणून तुमच्या पलंगाला उंच पाठ नसेल तर आधी ती लावून घ्या. खोबरेल कागदात एकदा मुरलं, की कुठल्याही फडक्याने निघत नाही. रोलच्या वेष्टनावर छोटी चिन्हं असतात, ती बघून घ्या. एक लाट म्हणजे ओल्या स्पंजाने हलकेच टिपता येतो, दोन-तीन लाटा म्हणजे पुसता, धुता येतो. अर्धा सूर्य म्हणजे उन्हात बेताचा टिकतो, पूर्ण सूर्य म्हणजे चांगला. तुमच्या खोलीसाठी दोन लाटा आणि पूर्ण सूर्य.

आता तुमच्या बँकेतल्या सवयीला आवडेल अशी गोष्ट. दोन रोलचा हिशेब चुकीचा आहे.

दुकानदाराने काय केलं ते सांगते. 11 गुणिले 9 म्हणजे 99 चौरस फूट. नेहमीचा रोल 53 सेंटिमीटर रुंद आणि 10 मीटर लांब असतो, म्हणजे साधारण 57 चौरस फूट. दोन रोल म्हणजे 114. भागलं की! पण वॉलपेपर रंगासारखा सांडून पसरत नाही, तो उभ्या पट्ट्यांत लागतो. नऊ फूट म्हणजे 274 सेंटिमीटर, वरखाली कापायला दहा धरले की 284. दहा मीटरच्या रोलमधून असे तीनच पट्टे निघतात, उरलेला दीड मीटर इथे कामाचा नाही. दोन रोलचे सहा पट्टे, त्यांची रुंदी 318 सेंटिमीटर. तुमची भिंत 335. सतरा सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ सात इंच, भिंत उघडी राहते. मग तो म्हणणार, "मॅडम, एक रोल अजून लागेल," आणि तोवर त्या बॅचचा माल संपलेला असेल. वेगळ्या बॅचचा लव्हेंडर शेजारी लावला, की शिवणीवर रंग बदललेला दिसतो आणि आयुष्यभर तिथेच नजर जाते. तीन रोल एकदम घ्या, तिन्हींवर बॅच नंबर एकच आहे ना ते बघून पैसे द्या.

नक्षी मोठी असेल तर हिशेब आणखी फिरतो. नक्षी दर 64 सेंटिमीटरला पुन्हा येत असेल तर शेजारचे पट्टे जुळवायला प्रत्येकाला 320 सेंटिमीटर लागतात. तुमच्या नऊ फुटांना तरीही रोलमागे तीन पट्टे निघतात. पण एखाद्या जुन्या घरात साडेदहा फुटांची भिंत असेल, तर तिथे दोनच निघतील आणि खर्च दीडपट होईल. ही तक्रार माझ्याकडे वर्षातून चार वेळा येते.

लावायच्या दिवशी कारागिराकडे ओळंबा आहे का ते बघा. लेझरवाला असेल तर उत्तमच, दोरीला वजन बांधलेला असला तरी चालेल, पण नुसत्या नजरेने पहिला पट्टा लावू देऊ नका. तीस वर्षांच्या इमारतीत कुठलाच कोपरा सरळ नसतो. कोपऱ्याला धरून पहिला पट्टा लावला, तर सातवा चक्क कलंडलेला दिसतो. सुरुवात खिडकीच्या बाजूने करून आत जायचं, म्हणजे जोडावर एखादी कड वर राहिली तरी तिची सावली दिसत नाही. त्याआधी भिंतीला पुट्टी, पॉलिशपेपरने घासणं, प्राइमरचा एक हात, आणि तो पुरा वाळू देणं. तिरका उजेड येणाऱ्या तुमच्या खोलीत हे काम कागदापेक्षा जास्त दिसणार आहे. स्विचबोर्डाभोवती कापताना मेन स्विच बंद. खळ ओली असते, कटर धातूचा असतो. त्या रात्री एसी आणि पंखा लावू नका, कडा आधी वाळून आखडतात आणि उचलल्या जातात.

तीन रोलचे नऊ पट्टे, लागणार सात. उरलेल्या दोनांतला एक गुंडाळून माळ्यावर टाका, बॅच नंबरची चिठ्ठी त्याच्यासोबत. चार वर्षांनी नातवंडाने खडूने काही काढलं किंवा पलंग सरकवताना कुठे फाटला, तर तोच उपयोगी पडेल. दुसरा पट्टा कापून कपाटाच्या फळ्यांना घाला. सासूबाईंच्या कपाटालाही पुरेल. त्यांनी हरकत घेतली तर सांगा, तो राखाडी आहे.